छोट्या कारखानदाराची झोप कोण उडवतं: कामाचे तास की थकलेली बिलं?

लेथवाला_भोसरी:
२०२३मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास काम करा म्हणाले, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले. दोन्ही वेळा भांडण तासांवरच झालं. माझं म्हणणं असं, की तासांनी छोटा कारखानदार मरत नाही. आमच्या गल्लीत रात्री दहाला मशिनं चालू असतात आणि माणसं टपरीवर हसतखिदळत असतात. तीच माणसं वीस तारीख जवळ आली की फोन उचलत नाहीत. बिल फाडलं की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचा, पार्टीचे, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचे, पैसे येवोत न येवोत. ते येतात चार महिन्यांनी. म्हणजे हातात न आलेल्या पैशावरचा कर सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून भरा, वर बँकेला व्याज द्या. लोक म्हणतात ताणावर प्राणायाम करा. यावर प्राणायाम काय करणार?

खडूस_काका:
लेथवाले, रडगाणं पुरे. छोट्या उद्योगांसाठी २००६चा एमएसएमई कायदा आहे. करार काहीही असो, ४५ दिवसांच्या वर उधारी नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. तुम्ही केलीत का? एकाच कंपनीच्या जॉबवर्कवर, म्हणजे तिने दिलेल्या कामावर, सगळा धंदा टांगायचा निर्णय तुमचाच ना?

लेथवाला_भोसरी:
तक्रार केली की व्याज मिळेलही, पण पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल. पर्चेसवाला तोंडाने काही बोलत नाही, फक्त ड्रॉइंग पाठवणं बंद करतो.

वही_खातं:
खडूसकाका, अर्धंच सांगितलंत. आयकराचं कलम ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे २०२४-२५च्या आकारणी वर्षापासून, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो. तक्रार न करताही दाब येतो तो इथे. मात्र हे सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतं, मध्यम त्यात नाहीत. उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर बिलावर छापा, निम्मे लोक तेही करत नाहीत.

अनुराधा_मिरज:
मला हा धागाच एकांगी वाटतो. आमचं फॅब्रिकेशन आहे, हिशेब मी बघते. आमची पेमेंटं बऱ्यापैकी वेळेवर येतात. तरी ह्यांचा बीपी वाढलेलाच! दोन हजारांचं टूल आणायचं तरी फोरमनने ह्यांना विचारायचं. जेवताना फोन, लग्नात फोन, दवाखान्याच्या रांगेत फोन. जरा पैसे साठले की नवं मशिन, की लगेच नवा हप्ता. आमचं घर तारण ठेवलं तेव्हा बँकेत माझी सही घेतली. घरी मला कोणी विचारलं नव्हतं. ही चिंता कुठल्या पार्टीने दिली? पुरुषांना आपल्यावाचून काही चालत नाही असं वाटायला आवडतं, एवढंच.

आयटी_हमाल:
आम्हालाही बीपी आहे, पण पगार एक तारखेला येतो. गप्प बसतो.

वही_खातं:
अनुराधाताई, घर तारण न ठेवताही सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पतहमी योजनेच्या हमीवर कर्ज मिळतं, बँकवाले आपणहून सांगत नाहीत. फक्त ती हमी बँकेला असते. कर्ज बुडालं तर तुमचं देणं माफ होत नाही.

लेथवाला_भोसरी:
ताई, फोरमनचं पटलं. माझाही फोरमन विचारतोच. पण मशिन घेतलं नाही तर कंपनी म्हणते "कपॅसिटी नाही", आणि काम जातं. हौस म्हणून कोणी हप्ता घेत नाही.

अनुराधा_मिरज:
मग सहीच्या आधी ते मशिन किती काम आणेल आणि हप्ता किती, एवढं तरी घरी कागदावर दाखवा. आमच्याकडे दोन मशिनं झाकून ठेवलेली आहेत. हप्ते चालू आहेत.

खडूस_काका:
लेथवाले, आता याला पार्टी जबाबदार म्हणू नका.