व्हिसा नोकरीचा, काम धर्मप्रचाराचं. यात खटकतं ते काय?

हर्णैचा_होमस्टे: आमच्याकडे एक परदेशी गृहस्थ अधूनमधून शनिवार-रविवार उतरतात. लोट्याला कारखान्यात इंजिनीअर आहेत. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून त्यांचा व्हिसा नोकरीचा हे मला ठाऊक. माणूस लाख. पण संध्याकाळी बंदरावर पोरं जमवून येशूच्या गोष्टी सांगतात, पत्रकं वाटतात. परवा लिलावावरून बांगडे आले ते त्याच पत्रकात गुंडाळून! विचारलं तर म्हणाले, "नोकरी खरीच करतो ना? फावला वेळ माझा." उत्तर सुचेना.

दर्यावर्दी: जुनंच आहे हे. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी १७९३ साली कंपनी सरकारच्या परवान्याविना बंगालात उतरला आणि निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक होऊन राहिला. पुढे १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, म्हणून आपण त्याला काही बोलत नाही, एवढंच.

वकिलीण_खेड: घटनेचं कलम २५ 'सर्व व्यक्तीं'ना धर्मप्रचाराचा हक्क देतं, फक्त नागरिकांना नाही. पण व्हिसाच्या अटी वेगळ्या. प्रवचन ऐकायला बसा, हरकत नाही. प्रचार करायचा तर मिशनरी व्हिसा घ्या. आणि धर्मांतर त्यावरही चालत नाही.

सिस्टर_रत्नागिरी: दादा, मी स्वतः ख्रिस्ती. सौदीत नर्स होते. तिथे आमच्या प्रार्थनेला जाहीर जागा नाही, खोलीचं दार लावून रोझरी म्हणायचो. एक गोरा टेक्निशियन पेशंटना गुपचूप पुस्तकं द्यायचा. पकडला गेला तेव्हा त्याला दोन दिवसांत विमानात बसवलं. ज्या केरळी वॉर्डबॉयच्या लॉकरमध्ये त्याने गठ्ठा ठेवला होता, तो पोरगा मात्र आत गेला. त्याच्या घरी पैसे पाठवायला आम्ही वर्गणी काढली. माझा राग तिथे आहे. फावला वेळ त्याचा असेल, पण निस्तरायची वेळ आली की पासपोर्टवाला सुटतो आणि गावातला अडकतो. तुमच्या पाहुण्यांना एवढंच विचारा: हे कारखान्यात साहेबांना सांगितलंय का? आणि त्या पोरांच्या आयांना?

हर्णैचा_होमस्टे: विचारलं, सिस्टर. साहेबांना नाही सांगितलेलं. आयांचं नाव काढल्यावर गप्प बसले. पत्रकं मी परत दिली. खोली मिळेल म्हटलं, बंदरावरचा वर्ग बंद.

दर्यावर्दी: आणि बांगडे?