टॅव्हारेस बंधूंचा ठेका १९७६ ला बदलला, की माझ्या सीडीतच गडबड हाय?

खासबागचा_धोटा:
नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा हाय, पण इथं जुनं ऐकणारी माणसं हायत म्हणून विचारायलोय.

आमच्या थोरल्या काकाकडं टॅव्हारेस नावाच्या अमेरिकन ग्रुपच्या दोन एलपी होत्या. त्याचा गोव्याचा एक दोस्त बोटीवर कामाला होता, त्यानं आणून दिलेल्या. नाव वाचून लहानपणी मला वाटायचं, हे मडगावचेच कुणीतरी असणार. नंतर कळलं की हे पाच सख्खे भाऊ, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड भागातले, घराणं मूळचं केप व्हर्डे बेटांवरचं. ती बेटं १९७५ पर्यंत पोर्तुगीजांकडं होती, म्हणून ते आडनाव. म्हणजे माझा अंदाज अगदीच चुकला नव्हता, फक्त समुद्र दुसरा होता.

आमच्या घरात खाली दोन माग. आठवडाभर खटखट. रविवारी माग बंद असायचे तेव्हाच काका तबकडी लावायचा, नाहीतर ऐकूच यायची नाही.

काका गेला, रेकॉर्ड प्लेअर गेला. यंदा मी त्याच अल्बमच्या नव्यानं काढलेल्या सीडी मागवल्या. (एका ऑनलाइन दुकानदारानं पहिल्यांदा एकच डिस्क दोनदा पाठवली, ती परत करण्यात महिना गेला. ते जाऊंदे.) आता १९७४ ची 'हार्ड कोअर पोएट्री' आणि १९७६ ची 'स्काय हाय!' एकापाठोपाठ ऐकली. पहिलीत 'शी इज गॉन' हाय, हॉल आणि ओट्स ह्या गायक जोडीचं गाणं ह्यांनी घेतलेलं. ढोल मागं, भावांचे आवाज एकावर एक चढत जातात, मधी श्वास घ्यायला जागा. आणि दुसरी लावली तर सुरुवातीपासनं धप धप धप धप. बायको आतनं म्हणाली, "रविवारी माग कुणी सुरू केला?"

माझा प्रश्न: नवीन सीडी काढताना कंपनीनं बास वाढवलाय, की हे भाऊच दोन वर्षांत असे बदलले? काकाकडं ऐकताना मला हा फरक जाणवलाच नव्हता.

निपाणी_ताशा:
धोटा अण्णा, सीडीला दोष देऊ नका. मी बँडमध्ये तीस वर्षं वाजवायलोय, तुमच्या बायकोनं बरोबर ओळखलंय.

चार मात्रांचं आवर्तन धरा. जुन्या सोलमध्ये, म्हणजे तुमच्या पहिल्या डिस्कवरच्या काळ्या अमेरिकन गायकीत, पायाचा ढोल पहिल्या मात्रेला पडतो, मग जरा लपतछपत, कधी दोन मात्रांच्या मधीच. दुसऱ्या आणि चौथ्याला स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या लहान ड्रमचा फटका. ऐकणारा त्या फटक्यावर मान हलवतो. डिस्कोत, म्हणजे तुमच्या दुसऱ्या डिस्कवर, पायाचा ढोल चारही मात्रांना सारखा, आणि दोन ठोक्यांच्या मधी हाय-हॅट (झांजांची जोडी) उघडून "छुस्स". मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके. ज्याला नाचता येत नाही त्यालाही पाय कुठं टाकायचा ते कळतं. आम्ही मिरवणुकीत तेच करतो, माणसं दमली की तुकडे-बिकडे बंद, सरळ ठेका.

हे टॅव्हारेसनी काढलेलं नव्हं. फिलाडेल्फियाचा अर्ल यंग म्हणून ड्रमर, त्यानं १९७३ ला हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट' मध्ये असं वाजवलं आणि पुढं सगळ्यांनी उचललं.

खात्री करायची तर आवाजाची चावी न हलवता जुन्या डिस्कवरचा बास गिटार ऐका. कंपनीनं बास फुगवला असता तर तोही फुगला असता. आणि काकाच्या एलपीत फरक का कळला नाही? घासलेली पिन, लहान स्पीकर. त्यातनं पायाचा ढोल कुठं येणार?

खानापूर_रेडिओ:
ताशावाल्या दादांचं बरोबर आहे, पण ठेक्यामागचा माणूसही बघा. टॅव्हारेसचा 'हार्ड कोअर पोएट्री' डेनिस लँबर्ट आणि ब्रायन पॉटर या निर्मात्यांच्या जोडीनं केला. 'स्काय हाय!' फ्रेडी पेरेननं. पेरेन मूळचा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा, जॅक्सन फाइव्हची (मायकेल जॅक्सन आणि त्याचे भाऊ) पहिली गाणी ज्या टोळीनं लिहिली त्यातला. घरातल्या भावंडांना एकत्र कसं गाऊन घ्यायचं हे त्याला चांगलं ठाऊक. त्याच १९७६ मध्ये त्यानं केलेलं 'बूगी फीव्हर' अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं, तेही सिल्व्हर्स या भावंडांच्याच ग्रुपचं. पुढं ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' त्याचंच.

पण धोटाभाऊ, तुम्ही मधला अल्बम गाळलात! १९७५ चा 'इन द सिटी' ऐका. त्यातलं 'इट ओन्ली टेक्स अ मिनिट' लँबर्ट-पॉटरचंच आहे आणि ते चक्क नाचायचं गाणं आहे. अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहात गेलेलं त्यांचं ते एकमेव. म्हणजे पेरेन येऊन त्यानं भाऊ बिघडवले असं नाही, दार आधीच उघडलं होतं.

टिळकवाडी_पिन:
काही म्हणा, डिस्कोनं सोलची वाट लावली. पाच भाऊ गाणारे आणि ऐकायचं काय, तर व्हायोलिनं आणि ढोल. सगळा पैशाचा खेळ.

खानापूर_रेडिओ:
पैसा होताच की, नाही कोण म्हणतंय? 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या सिनेमाच्या अल्बमवर 'मोअर दॅन अ वुमन' दोनदा आहे, एकदा बी जीजचं आणि एकदा टॅव्हारेसचं. दोन्हीकडं भाऊच. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. आणि पिनकाका, डिस्को आपल्यापासून एवढा लांब नव्हता. १९७४ चं 'कुंग फू फायटिंग' करणारा बिद्दू आपल्या बेंगळुरूचा.

निपाणी_ताशा:
पिनकाका, व्हायोलिनं नंतर आली म्हणता, पण ती जुन्या सोलमध्येही होती. नवीन होती ती लांबी. 'हेवन मस्ट बी मिसिंग अ‍ॅन एंजल' अल्बमवर साडेसहा मिनिटांच्या आसपास हाय, रेडिओच्या लहान तबकडीवर निम्मं. खोल सुरांना चरा रुंद लागतो, लहान तबकडीवर तेवढी जागा नसते. म्हणून त्याच काळात डिस्कोवाल्यांनी बारा इंची तबकडीवर एकच गाणं घ्यायला सुरुवात केली. जागा मिळाली, ढोल मोठा झाला.

खासबागचा_धोटा:
मंडळी, चावी न हलवता दोन्ही ऐकल्या. जुन्या डिस्कवर बास होता तेवढाच हाय. सीडीवर उगाच आळ घेतला. 'इन द सिटी' पण मागवली, खानापूरच्या ताईंनी सांगितलेलं गाणं दोनदा ऐकलं. हे तर काका गुणगुणायचा! त्याच्याकडं ही एलपी नव्हती, मग कुठं ऐकलं असेल काय की. त्या बोटीवरच्या दोस्ताकडंच असणार.

आणखी एक. ताशावाल्यांनी सांगितलं म्हणून ह्या वेळी ढोलाकडं दुर्लक्ष करून फक्त आवाज ऐकले. 'स्काय हाय!' मध्येही भाऊ तसेच गातात की. मागं दोघं-तिघं धरून ठेवतात, पुढं एकजण मोकळा. आमच्या आजोबाचा हातमाग होता, त्याच्या पायाच्या लयीत धोटा जरा मागं-पुढं व्हायचा. वडलांनी पावरलूम घेतला, ठोका सरळ झाला. पण साडीचा काठ तोच राहिला. मला 'हार्ड कोअर' जास्त आवडते, ती गोष्ट वेगळी.

टिळकवाडी_पिन:
बरं, काठाचं पटलं. १९८२ चं त्यांचं 'अ पेनी फॉर युअर थॉट्स' ऐक. डिस्को ओसरल्यावरचं, संथ. माझं म्हणणं तिथं खरं ठरतं असं मला वाटतं, तू ठरव. आणि त्या दोन एलपी अजून हायत काय? वाकल्या नसतील तर रविवारी घेऊन ये, माझ्या प्लेअरला नवी पिन बसवलीय.

खासबागचा_धोटा:
एक थोडी वाकलीय, 'स्काय हाय!'. येतो काका. कुंदा आणतो.