अनुदान पुरतं का?

उघड्यावर शौचाला जाणं थांबवायचं तर 'शौचालयाचं सरकारी अनुदान वाढवा, लोक आपोआप शौचालय वापरतील' असं एका प्रतिसादात म्हटलंय. पटलं नाही. अनुदानातून बांधलेल्या शौचालयांत गोवऱ्या, सरपण नाहीतर कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या खेड्यापाड्यांत कित्येकांनी पाहिल्या असतील. सगळी आळी पहाटे टमरेल घेऊन निघत असेल, तर एकटा घरात बसणारा उलट चेष्टेचा विषय होतो.

2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने नेमकी इथेच गोम ओळखली. आधी काम, मग बक्षीस, आणि तेही अख्ख्या गावाला. त्यामुळे शेजाऱ्याचं शौचालय हा आपल्याही इभ्रतीचा प्रश्न झाला. तपासणीच्या आधी गावंच्या गावं खराटे घेऊन रस्त्यावर उतरायची.

पहाटे उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना गाठणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. शिट्ट्या मारून किंवा गुलाबाचं फूल देऊन लाजवलं, की माणूस पथक येण्याआधी उठतो, एवढंच. त्यात सगळ्यात जास्त कुचंबणा बायकांची आणि ज्यांना बांधायला जागाच नाही त्यांची. शिवाय उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाईने ते शौचालयात ओतावं, ही अपेक्षा कुठल्या हिशोबात बसते?