बाबांना फाइव्ह-जी कशाला?

भाऊ, वावरात राहणाऱ्या बाबांना फाइव्ह-जी फोन घेऊन द्यावा का आणि रिचार्जचा खर्च कसा आवरावा, हे तुम्ही विचारलं. फोनचं नंतर पाहू. आधी वावरात रेंज कोणाची येते ते पाहा. आमच्या घाटंजीकडे गावात एका कंपनीची फुल रेंज, अन् विहिरीपाशी गेलं की फोन मुका!

बाबांना फक्त बोलायचंच असेल तर बटनांचा फोन बास. पण जिओचं सिम टाकणार असाल तर फोर-जीवालाच घ्या. जिओचं टू-जी नाहीच, त्यामुळे जुन्या डबड्यात ते चालत नाही. बॅटरी निघणारी असावी, फवारणीत भिजला तर लगेच काढता येते.

खरा खर्च रिचार्जचा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून तो तेरावा फारच टोचतो. मात्र ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, अन् अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मोकळीक दिली. दुकानदार स्वतःहून सांगत नाही राजेहो, त्याला रोज दोन जीबीवालाच खपवायचा असतो. 'डेटा नसलेला द्या' म्हणून मागा. कापसाचे पैसे आले की वर्षाचा एकदाच मारून टाका.

रेंजच नसेल तर नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जा, म्हणजे पोर्ट करा, १९०० वर मेसेज जातो. फक्त सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत.