चित्रात स्वतःचं दुःख उघडं करावं का?

कोरा कॅनव्हास
चित्रं दाखवायला चारजण जमले की रंगसंगती, तोल, फटकारे यांवर सगळे भरभरून बोलतात. पण कुणी स्वतःची भीती, लाज, एकटेपण रंगवलं असेल तर एकदम गप्प. फार तर ‘जरा जास्तच वैयक्तिक झालंय’ एवढा शेरा. मला हे पटत नाही. जे सांगायला जीभ रेटत नाही, ते रंगवण्यातच खरी हिंमत लागते.

मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचं १९३२ सालचं ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ आठवा. धातूच्या लहानशा पत्र्यावरचं तैलचित्र. पलंगावर ती स्वतः, विवस्त्र, खालची चादर रक्ताने भिजलेली, गालावर एकच मोठा अश्रू. हातात लाल दोऱ्या आणि त्यांच्या टोकांना न जन्मलेलं मूल, गोगलगाय, कमरेचं हाड. पोटातलं मूल गमावल्याचं दुःख तिने इतकं उघड मांडलं. त्याला ‘वैयक्तिक’ म्हणून कसं बाजूला सारणार?

तिरकी रेघ
असहमत. असं दुःख असंख्य बायकांनी भोगलंय. हे चित्र टिकलं ते त्याच्या रचनेमुळे. पलंग खोलीत नाही, उघड्या माळावर आहे. क्षितिजावर कारखाने, आणि एवढ्या मोकळ्या जागेत ती एवढीशी. हा विचार आहे, नुसता उमाळा नव्हे.

चित्रकार तैयब मेहतांनी १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत रस्त्यावर माणसाला मारताना पाहिलं होतं. तो प्रसंग त्यांना आयुष्यभर पुरला. कॅनव्हासवर मात्र सपाट रंग, चित्र चिरत जाणारी कर्णरेषा, कोसळणारी शरीरं. चित्रकाराची कहाणी ठाऊक नसली तरी ते अंगावर येतं. हल्ली चित्राशेजारी भलंमोठं निवेदन लावतात आणि माणूस ते वाचून हळहळतो. चित्राकडे बघतच नाही. दुःख खरं आहे म्हणून चित्र चांगलं होत नाही, आणि हे तोंडावर सांगणाऱ्याला निर्दय ठरवू नये.

खरवड
निवेदनाबद्दल सहमत. पण रचना एकीकडे, भावना दुसरीकडे अशी वाटणी मला मान्य नाही.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली, अवघ्या १५ व्या वर्षी. ‘आजारी मूल’ हे चित्र त्याने १८८५-८६ मध्ये केलं. उशीला टेकलेली फिकट मुलगी, शेजारी मान खाली घातलेली बाई. रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा, असं त्याचं चाललं होतं. जवळून पाहिलं तर थरांमध्ये ओरखडेच ओरखडे दिसतात. १८८६ च्या प्रदर्शनात लोकांनी अर्धवट चित्र म्हणून टवाळी केली. तरी पुढच्या सुमारे ४० वर्षांत तो या विषयाकडे येत राहिला. रंगवलेल्या एकूण सहा आवृत्त्या आहेत. आता ते ओरखडे तंत्रात धरायचे की दुःखात? मला तरी ते वेगळे काढता येत नाहीत. गुळगुळीत रंगवलं असतं तर ते आजारी मुलीचं आणखी एक चित्र झालं असतं.

पाठमोरी
मला वेगळाच प्रश्न पडतो. स्वतःचं दुःख मांडताना आपण दुसऱ्याला उघडं पाडतो त्याचं काय? स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरने आपल्या प्रेयसीचं, व्हॅलेंटाइनचं, कर्करोगाचं दुखणं टप्प्याटप्प्याने रंगवलं. १९१५ मध्ये ती गेल्यावर मृतदेहही रंगवला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८७९ मध्ये मृत्युशय्येवरची बायको रंगवली. तिच्या चेहऱ्यावर बदलत जाणाऱ्या छटा आपण नकळत टिपत बसलो होतो, याने तोच हादरला होता, असं त्याने पुढे सांगितलं. ही चित्रं मला फार भिडतात, आणि तरीही त्या बायकांच्या बाजूने राग येतो.

कोरा कॅनव्हास
@पाठमोरी, राग रास्त आहे. उदाहरण शिल्पाचं आहे, पण जर्मन कलावंत केटे कोलविट्झ बघा. तिचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. तिने घडवलेल्या त्याच्या स्मारकाच्या पहिल्या कल्पनेत आडवा पडलेला पेटरही होता. १९३२ मध्ये स्मारक उभं राहिलं तेव्हा फक्त गुडघ्यांवर बसलेले आईवडील उरले होते, आणि चेहरे तिचे आणि नवऱ्याचे. उघडं पडायचं ते तिने स्वतःकडे घेतलं.

तिरकी रेघ
म्हणजे मध्ये १८ वर्षं गेली. नव्याने रंगवणाऱ्याला ‘मनात आहे ते ओत’ एवढंच सांगतात, थांबायला कुणी सांगत नाही. माझी तक्रार तिथेच आहे. ओली जखम चारचौघांत मांडली की बघणारा चित्रावर बोलूच शकत नाही, फक्त सांत्वन करतो. त्यातून चित्रकाराला काय मिळणार?

खरवड
थांबण्याचा नियम करू नका. काहलोने इस्पितळातच पेन्सिल हातात घेतली होती आणि ते चित्र त्याच वर्षी पुरं केलं. दाखवायला थांबा म्हणत असाल तर मान्य. पण ज्याला आज दुसरं काही रंगवताच येत नाही, त्याला तुम्ही काय सांगाल?