स्कॅन एकदाच, दार कायमचं उघडं: कम्प्युटरवरचं मेसेजिंग रोज आपोआप लॉग आउट व्हावं का?

उंबरठा

नवा फोन घेतला म्हणून जुन्यातली आवराआवर करत होतो. सहज व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली तर तिथे तीन ओळी. एक घरचा लॅपटॉप, एक हल्लीच्या ऑफिसचा. तिसऱ्या ओळीत नुसतं ‘क्रोम, विंडोज’ आणि त्याखाली शेवटच्या वापराची वेळ, त्याच दिवशी सकाळी ९ वाजून १२ मिनिटं. ९ वाजून १२ मिनिटांनी मी अंघोळ करत होतो.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. चार महिन्यांपूर्वी आधीची नोकरी सोडताना पगाराच्या पावत्या स्वतःला पाठवायच्या होत्या. तिथल्या समाईक मशीनवर व्हॉट्सॲप वेब उघडलं, फोनने पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, पावत्या घेतल्या, टॅब बंद केला आणि सगळ्यांना रामराम करून निघालो. टॅब बंद केला म्हणजे बाहेर पडलो, अशी माझी समजूत! मुद्दाम कुणी वाचत होतं असं मी म्हणत नाही. ब्राउझर उघडताना जुने टॅब आपसूक उघडत असतील. पण चार महिने माझं घरदार त्या पडद्यावर पसरलेलं होतं, हे खरं.

२०१५ च्या जानेवारीत व्हॉट्सॲप वेब आलं तेव्हा तो फोनचा आरसा होता. फोन बंद पडला की कम्प्युटरही मुका. २०२१ पासून हे बदललं. आता फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात आणि ती फोन बंद असतानाही आपापली चालतात. फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर ती तुटतात, आणि जोडलेलं उपकरण ३० दिवस पडून राहिलं तर तेही तुटतं. पण पडून राहिलं तर! समोरचा रोज उघडत असेल तर ते कशाला तुटेल? म्हणजे ज्याच्यापासून धोका, त्यालाच मुदतवाढ.

माझं म्हणणं सरळ आहे. जोडणी २४ तासांनी आपोआप तुटावी. ज्याला हवं तो पुन्हा स्कॅन करेल, पाच सेकंदांचं काम आहे. तुम्हाला काय वाटतं?

कीबोर्डवाली

साफ असहमत. विसरलात तुम्ही आणि रोज सकाळी हजेरी लावायची आम्ही?

माझा दिवस या खिडकीतच जातो. बिलं, नकाशे, दुरुस्त्या, ‘मॅडम ती फाइल परत पाठवा’. फोन खणात चार्जिंगला असतो आणि तो तिथेच असावा असं मला वाटतं, कारण हातात घेतला की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. आरशाच्या काळात मी काम केलंय हो. फोनची बॅटरी गेली की कम्प्युटरवर ती पिवळी पट्टी यायची, फोन जोडलेला नाही म्हणून. समोर माणूस उत्तराची वाट बघतोय आणि आपण चार्जर शोधत ऑफिसभर फिरतोय. २०२१ ला ते गेलं तेव्हा मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आणि पाच सेकंद म्हणे! फोन काढा, कुलूप उघडा, मेनूत जा, बोटाचा ठसा द्या, कॅमेरा धरा, तोवर पडद्यावरचा कोड बदललेला, मग परत धरा. त्यानंतर ते ‘मेसेजेस लोड होत आहेत’ सुरू.

जुना खेळाडू

उंबरठा, तुमच्या बाजूने एक मत.

कीबोर्डवाली ताई, तुमची अडचण कळते, पण तुम्ही स्वतःच्या मशीनवर बसता. मी घराघरांत घडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय. दुसऱ्याचा फोन अर्धा मिनिट हातात आला की पुरे, तो कायमचा आपल्या लॅपटॉपवर. व्हॉट्सॲपने २०२१ च्या सुरुवातीला नवीन उपकरण जोडण्याआधी ठसा किंवा चेहरा मागायला सुरुवात केली हे मान्य. पण नवऱ्याच्या फोनमध्ये बायकोचं बोट आणि बायकोच्या फोनमध्ये नवऱ्याचं, हे प्रेमाने (किंवा ‘प्रेमाने’) नोंदवलेलं असतंच की. लेकीच्या फोनमध्ये बापाचं.

पूर्वी अँड्रॉइडवर वेब सुरू असलं की वर एक सूचना चिकटून बसायची. तिचा वैताग यायचा. आता तिची किंमत कळते.

चिमटा

लपवण्यासारखं काही नसेल तर एवढी धडधड कशाला? आमच्या चॅटमध्ये ‘शुभ सकाळ’ आणि ‘पोचलास का?’ याखेरीज काही नाही. वाचा बापडे.

जुना खेळाडू (चिमटा यांस)

तुमच्याकडे नसेल हो. पण चॅट एकट्याची नसते. मित्राने मध्यरात्री तुम्हाला लिहिलेलं त्याचं दुखणं, बहिणीने पाठवलेले तिचे रिपोर्ट, हे त्यांचं आहे. ते ‘वाचा बापडे’ म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

चिमटा (जुना खेळाडू यांस)

हा मुद्दा लागला. माघार घेतो, धडधडीसकट.

सांधेजोड

उंबरठा, दुखणं खरं आहे, पण औषध उलटं आहे. जरा सविस्तर लिहितो.

आपण कोड स्कॅन करतो तेव्हा नेमकं काय होतं? पडद्यावरचा कोड कम्प्युटरचा असतो, फोनचा नव्हे. त्या ब्राउझरने स्वतःसाठी डिजिटल चाव्यांची जोडी बनवलेली असते, एक उघड, एक गुप्त. तिच्यातली उघड चावी आणि थोडी गुप्त माहिती त्या चौकोनात भरलेली असते. फोन ती वाचतो आणि ‘हे यंत्र माझं’ अशी सही करून देतो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. त्या एका सहीवर सगळं. २०२१ नंतर प्रत्येक उपकरणाची ओळख वेगळी असते, पाठवणारा प्रत्येकासाठी मेसेज वेगळा कुलूपबंद करतो. म्हणून फोन बंद असला तरी तुमचा लॅपटॉप बोलतो.

आता यातली मेख. तो कोड कुठल्या मशीनच्या पडद्यावर आहे, हे फोनला समजत नाही. कॅमेऱ्याला चित्र दिसतं, तेवढंच. मी माझ्या कम्प्युटरवर वेब उघडून तिथला कोड एखाद्या भलत्याच पानावर ‘ग्रुपमध्ये सामील व्हा’ म्हणून दाखवला आणि तुम्ही स्कॅन केला, तर जोडला जातो माझा कम्प्युटर. कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, पण ते पानही सोबत बदलत ठेवता येतं. या युक्तीला २०१६ पासून ‘क्यूआरएलजॅकिंग’ असं नाव आहे. ही पुस्तकी भीती नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी अहवाल दिला की रशियाशी जोडलेले हेरगिरी करणारे गट सिग्नल या मेसेजिंग ॲपवरची खाती अशीच उघडत होते, ग्रुपच्या खोट्या आमंत्रणांतून. त्याच्या आदल्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने व्हॉट्सॲपच्या बाबतीत असाच प्रकार मांडला होता. दोन्हीकडे कुलूप कुणी फोडलं नाही. माणसाकडूनच सही करून घेतली.

आता तुमचा उपाय बघा. रोज सकाळी लाखो लोक स्कॅन करणार. पहिल्या आठवड्यात बघून करतील, दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटून. एखाद्या पानाने ‘तुमची जोडणी संपली, पुन्हा स्कॅन करा’ म्हटलं की कुणाला वावगं वाटेल का? आज निदान वर्षातून एखाद्या वेळी मागतात म्हणून माणूस दचकतो तरी. त्याचं दचकणं हाच आपला पहारेकरी आहे, आणि तुम्ही त्यालाच झोपवताय.

उंबरठा (सांधेजोड यांस)

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग फोन आणि कम्प्युटर शेजारी आहेत का, एवढं तरी तपासता येत नाही का?

सांधेजोड (उंबरठा यांस)

येतं. पासकीने (पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेल्या डिजिटल चावीने) लॉग इन करताना दुसऱ्या मशीनवर कोड दाखवतात तेव्हा कोडसोबत ब्लूटूथही तपासतं. फोन खरोखर जवळ नसेल तर नुसत्या चित्राने काम होत नाही. मेसेजिंगमध्ये हे सरसकट आणायचं तर बिनब्लूटूथचे जुने डेस्कटॉप बाहेर पडतील, म्हणून घोडं अडत असावं. हा माझा तर्क.

रातकिडा

थोडं अवांतर. क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला. कारखान्यात डाग पडणार, तेल लागणार, म्हणून सर्वांत दणकट प्रकारात जवळपास ३० टक्के चौकोन खराब झाला तरी वाचता येतो. कोपऱ्यांतले ते तीन मोठे डोळे कोड उलटा धरला तरी सरळ कसा लावायचा हे कॅमेऱ्याला सांगतात. म्हणजे चीज अशी बनवली की काही झालं तरी वाचली गेलीच पाहिजे. मग तिनेच दार उघडायला लावल्यावर ती बिचारी कुणालाही नाही कसं म्हणेल?

माझ्या फोनच्या कॅमेऱ्याच्या काचेला तडा आहे, तरी पहिल्या फटक्यात स्कॅन होतं. काळजी वाटावी की कौतुक, कळत नाही.

कीबोर्डवाली

सांधेजोड यांना +१. आणि उंबरठा, एक विचारू? कोडच्या पानावर ‘या ब्राउझरवर लॉग इन राहा’ अशी एक खूण होती, ती काढली होती का?

उंबरठा (कीबोर्डवाली यांस)

कुठली खूण?

कीबोर्डवाली (उंबरठा यांस)

झालं मग.

जुना खेळाडू

ताई, हसू आलं, पण माझा मुद्दा हाच आहे. घाईत असलेल्या माणसाला ती खूण दिसत नाही. समाईक मशीनवर बसलेला माणूस नेहमी घाईतच असतो, मागे कुणीतरी उभं असतं. आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याला तर खूण काढायची संधीच नाही, कारण स्कॅन त्याने केलेलंच नसतं. सांधेजोड म्हणतात सवय लागेल. लागेल. पण सवय लागू नये म्हणून चोराला कायमचा पास द्यायचा, हे मला पटत नाही.

सांधेजोड (जुना खेळाडू यांस)

चोर घरातलाच असेल आणि त्याचं बोट फोनमध्ये नोंदवलेलं असेल, तर तो रोज रात्री तुम्ही झोपल्यावर पुन्हा स्कॅन करेल. २४ तासांची मुदत त्याला अडवत नाही. तिथे इलाज एकच, ते बोट फोनमधून काढायचं. आणि ते किती अवघड आहे, हे तुम्ही मला सांगायला नको.

नीलांबरी

मला दिसत नाही. फोन आणि कम्प्युटर दोन्ही स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वापरते. या चर्चेत सगळे ‘पाच सेकंद’, ‘पाच सेकंद’ करताहेत म्हणून लिहिते.

माझं स्कॅन असं होतं. एका हाताने लॅपटॉपच्या कडा चाचपून पडद्याचा मध्य धरायचा. फोन तिथून वीतभर मागे. मग हळूहळू वर-खाली. फोन काही बोलत नाही तोवर आपण बरोबर आहोत की भिंतीकडे बघतोय, कळायला मार्ग नसतो. एकदा वीस मिनिटं फिरवत बसले होते, नंतर समजलं की लॅपटॉपची ब्राइटनेस शून्यावर होती. मला ती लागत नाही ना! शेवटी बहुतेक वेळा कुणाला तरी हाक मारायची, ‘जरा चौकटीत आलाय का बघ’. म्हणजे माझे खासगी मेसेज उघडायला रोज दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे, आणि तेही खासगीपणा जपण्यासाठी.

व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये फोन नंबर टाकून आठ अक्षरांचा कोड फोनवर टाइप करायची सोय आणली. तेव्हापासून माझी मी जोडून घेते. अजूनही वेळ लागतो, पण हाक मारावी लागत नाही. ते मी रोज करावं असं या धाग्याचं म्हणणं असेल तर माझं मत विरोधात नोंदवा.

सांधेजोड (नीलांबरी यांस)

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एकच सावधगिरी सांगतो. फसवणूक करणारे ती आठ अक्षरंही ‘पडताळणीसाठी फोनवर टाका’ म्हणून पाठवू शकतात. तिथे तर कॅमेराही लागत नाही. आपण स्वतः आपल्या मशीनवर मागवलेली नसतील तर टाकायची नाहीत.

नीलांबरी (सांधेजोड यांस)

माहीत आहे. माझ्या लॅपटॉपने मला ती स्वतः वाचून दाखवली तरच टाकते.

उंबरठा

२४ तासांची मागणी मागे घेतो. पण जैसे थे ठेवा, असंही म्हणणार नाही. टेलिग्राममध्ये इतके दिवस वापर नसेल तर सेशन बंद करा अशी मुदत आपल्याला निवडता येते, आठवड्यापासून पुढे. त्यातही गोम तीच, वापर चालू असेल तर मुदत लागूच होत नाही. मला हवं ते असं : जोडताना फोननेच विचारावं, ‘हे यंत्र तुमचं आहे का?’ नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंतच चालेल, मग वापरणारा कोणी का असेना. होय म्हटलं तर कीबोर्डवाली यांना कुणी त्रास देणार नाही. कम्प्युटरच्या पानावरची बारीक खूण नको. ती सही मागणाऱ्याच्या कागदावर असते. प्रश्न सही करणाऱ्याच्या हातात हवा.

कीबोर्डवाली

याला माझी हरकत नाही. (पेढे राखून ठेवते.)

जुना खेळाडू

आणि महिन्यातून एकदा फोनने ती यादी स्वतःहून समोर धरावी. ‘ही तीन यंत्रं जोडलेली आहेत, ओळखता का?’ पान पुढे ढकलता येऊ नये, प्रत्येक ओळीवर होय किंवा नाही दाबावं लागेल असं. आपण मुद्दाम ती यादी उघडायला जात नाही. उंबरठासुद्धा फोन बदलायची वेळ आली म्हणून गेले.

चिमटा

आत्ता उघडली. चार ओळी आहेत. दोन मी ओळखतो. बाकीच्या दोन काढल्या, आणि लगेच पोराची हाक आली, ‘बाबा, टॅबवरचं बंद झालं!’ म्हणजे एकीचा उलगडा झाला.

नीलांबरी

उंबरठा, तुमचा तो प्रश्न आणि जुना खेळाडू यांची यादी, दोन्ही चालतील. फक्त बटणांना नावं द्यायला सांगा. नाहीतर माझा फोन ‘बटण, बटण’ एवढंच वाचेल आणि मी कशाला होय म्हटलं ते मलाच कळायचं नाही.