पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया फारच महाग झाल्यात, दुसरं काय घालता येईल?

सहकारनगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या गॅलरीत आई रोज सकाळी पक्ष्यांना दाणे घालते. पोपट, चिमण्या, साळुंक्या येतात, मधूनच खारूताई. पोपट तर सूर्यफुलाच्या बिया सोडून बाकी कशाला चोचही लावत नाहीत. पण आता दुकानात किलोला दीडशेच्या वर सांगतात आणि ऑनलाइन छोटी पाकिटं बघितली तर त्याहून महाग. आई पेन्शनवर आहे, ती म्हणते माझं काहीतरी कमी करीन पण त्यांना उपाशी ठेवणार नाही, आणि मला तिला नाही म्हणवत नाही. भाव एवढा का चढलाय? आणि स्वस्तात काय घालता येईल, की पोपटही येतील आणि चिमण्याही?

गुलटेकडी_भुसार:
मार्केट यार्डात भुसारचंच काम करतो म्हणून सांगतो. सूर्यफूल तेलबी आहे, तेल महागलं की बी महागलंच. आणि आपल्याकडे सूर्यफुलाचं तेल बहुतेक बाहेरूनच येतं, रशिया, युक्रेन, अर्जेंटिना. 2022 च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं तेव्हा डब्याचा भाव कुठे गेला होता आठवत असेल. मग सप्टेंबर 2024 ला खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं परत कमी केलं. इकडे पिकतंय पण किती, पूर्वी सोलापूर-लातूरकडे सूर्यफूल भरपूर असायचं, आता जिकडे तिकडे सोयाबीन. 2025-26 चा हमीभाव बघा, सूर्यफूल क्विंटलला 7721 आणि बाजरी 2775. म्हणजे मुळातच पावणेतीन पट! चार घरांनी मिळून सुटा माल घ्या, पाकिटापेक्षा नक्की स्वस्त पडेल. फक्त पेरणीचं बियाणं चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं, पक्षी मरतील.

वारजेची_मनीषा:
अहो चिमण्यांना सूर्यफूल लागतच नाही! त्यांना ते जाड टरफल फोडायला त्रास होतो. बाजरी, राळा, तांदळाची कणी घाला, मुनिया येत असतील तर त्याही राळ्यावर तुटून पडतात. साळुंकीला पिकलेल्या पपईची फोड, बुलबुललाही तीच चालते. म्हणजे सूर्यफूल उरलं फक्त पोपटांपुरतं, तेही मूठभर पुरे, सोबत करडई घाला, अर्धा पेरू, हिरवी मिरची, मक्याचं कणीस टांगा. सुरुवातीला दोन-चार दिवस रुसतील, मग खातात. मुळशीकडे भाताची कापणी झाली की लोंब्यांची जुडी मिळाली तर आणून लटकवा, चिमण्या त्यावर झोके घेत दाणे टिपतात, बघत बसावं असं असतं. आणि चिमणी पिल्लांना अळ्या-किडेच भरवते, त्यामुळे कुंड्यांवर फवारणी नको, हे दाण्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. कणी कठड्यावर पसरू नका मात्र, पारवे जमतात, त्यांच्या विष्ठेने फुफ्फुसांचे आजार होतात, आईंच्या वयाचा विचार करून सांगते.

मूळचा_बार्शीचा:
आमच्याकडे सूर्यफूल असायचं तेव्हा पोपटांचे थवेच्या थवे उतरायचे, लहानपणी डबे वाजवत राखण केलीय. पोपट फुलावर वरून ओणवा होऊन कडेपासून एकेक बी काढतो, चोचीत फिरवतो की टरफल खाली, गर पोटात. तुम्हाला ऊन येत असेल तर मोठ्या कुंडीत चार बिया लावून बघा, तीन-साडेतीन महिन्यांत फूल तयार होतं. मान टाकली आणि मागची बाजू पिवळी पडली की कापायचं, वाळवून तसंच टांगायचं. बी कच्चं पाहिजे बरं का, भाजलेलं उगवत नाही, आणि खारं तर पक्ष्यांना अजिबात देऊ नका.

सहकारनगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, लोंब्यांचं ऐकून फार खूश झाली. उद्यापासून चिमण्यांना बाजरी, सूर्यफूल फक्त पोपटांना. भुसारवाले दादा, करडई सुटी मिळते की पोतंच घ्यावं लागतं?

गुलटेकडी_भुसार:
किरकोळवाल्यांकडे किलोनेही मिळते. घेताना दोन दाणे फोडून वास घ्या, खवट असेल तर घेऊ नका. आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात लगेच बुरशी धरते.